नवा लॅपटॉप अंगवळणी पडताना

मी मराठी पुस्तकांचं संपादन आणि मुद्रितशोधन करते. दिवसाचा मोठा भाग पडद्यावरच्या देवनागरीत जातो, त्यामुळे लॅपटॉप हे माझं पोटापाण्याचं साधन आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि त्यातल्या त्यात नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. माझ्या जुन्या यंत्रात दोन्ही नव्हतं, म्हणजे नवीन घेणं भागच होतं. त्या खरेदीतून आणि नंतरच्या दिवसांतून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे. लिहिण्या-वाचण्याचं काम करणाऱ्यांना ते उपयोगी पडावं.

१. हंगामात यंत्र बदलू नये.

दसऱ्याच्या सुमाराला सवलतींच्या जाहिराती सुरू होतात आणि नेमक्या त्याच आठवड्यांत दिवाळी अंकांची शेवटची प्रुफं येत असतात. विंडोज १०च्या सुरक्षा-अद्यतनांना ऑक्टोबर २०२६पर्यंत मुदतवाढ घेण्याची सोय होती. ती मी घेतली आणि अंक छापखान्यात गेल्यावरच दुकानाची पायरी चढले. लॅपटॉप विकत घ्यायला एक दुपार पुरते, पण तो आपला व्हायला कित्येक आठवडे लागतात. फॉन्ट, जुन्या फायली, बोटांच्या सवयी सगळं नव्याने बसवावं लागतं. तेवढा वेळ हाताशी नसेल तर सवलत सोडून द्यावी.

२. दुकानदाराच्या प्रश्नांआधी आपले प्रश्न तयार हवेत.

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर भाच्याबरोबर गेले होते. प्रत्येक दुकानात पहिलं वाक्य तेच, ‘मॅडम, आय-फाइव्ह आहे, एकदम फास्ट.’ आय-फाइव्ह हे नाव २००९पासून चालत आलेलं आहे. नुसत्या नावावरून काही कळत नाही, प्रोसेसर कुठल्या पिढीचा आणि कुठल्या साली आलेला हे विचारावं लागतं. दुसरा प्रश्न रॅमचा. ती बोर्डालाच सोल्डर केलेली आहे, की पुढे वाढवता येईल? सोल्डर केलेली असेल तर सुरुवातीलाच सोळा जीबी घ्यावी. साठवणीसाठी एसएसडीच हवी. पाचशे बारा जीबीची एसएसडी विंडोजमध्ये चारशे शहात्तरच्या आसपास दिसते, त्यात फसवणूक नाही. कंपनी दहाच्या पटीत मोजते, विंडोज दोनच्या.

मजकुराच्या कामाला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. त्याने किंमत वाढते, वजन वाढतं आणि पंखा सतत घुंघुं करत राहतो. ‘मावशी, गेमिंगवाला घे, दहा वर्षं बघायला नको,’ असं भाचा कळकळीने सांगत होता. ते पैसे मी पडद्यावर आणि कीबोर्डवर घातले आणि आजही मला तोच निर्णय योग्य वाटतो.

३. पडदा देवनागरीत तपासावा.

दुकानातल्या लॅपटॉपवर समुद्राचे आणि पक्ष्यांचे झगझगीत व्हिडिओ लावलेले असतात. त्यावरून रंग कळतात, अक्षर कळत नाही. मी पेन ड्राइव्हवर माझीच एक फाइल नेली होती. त्यात अकरा पॉइंटात घ आणि ध, भ आणि म, ष आणि प असलेले शब्द, ‘उद्ध्वस्त’, ‘ब्राह्मी’, ‘राष्ट्रीय’, ‘मूर्तीं’ अशी जोडाक्षरं आणि डोक्यावर रफार, वेलांटी, अनुस्वार एकत्र येणाऱ्या ओळी होत्या. रोमन अक्षराच्या मानाने आपल्या ओळीला वर आणि खाली दोन्हीकडे जास्त जागा लागते. वेलांटी आणि अनुस्वार वर, उकार आणि जोडाक्षराचा दुसरा मजला खाली. पडदा कमी रेषांचा असेल तर त्या गर्दीत अनुस्वार पुसट होतो आणि माझ्या धंद्यात सुटलेला अनुस्वार म्हणजे छापलेली चूक.

१९२० गुणिले १०८० यापेक्षा कमी रिझोल्यूशनचा पडदा मजकुराच्या माणसाने घेऊच नये. परवडत असेल तर सोळाला दहा या प्रमाणातला, थोडा उंच पडदा बघावा. नेहमीच्या सोळाला नऊच्या पडद्यापेक्षा त्यात काही ओळी जास्त मावतात आणि परिच्छेद अर्धा तुटत नाही. चकचकीत पडद्यात आपलाच चेहरा आणि मागची खिडकी दिसते, म्हणून मॅट घ्यावा. उजेड ‘निट’मध्ये मोजतात. अडीचशे निटचा पडदा दिवसा खिडकीपाशी फिका पडतो, तीनशेच्या पुढचा तग धरतो. दुकानातल्या दिव्यांखाली हा फरक कळत नाही, लॅपटॉप दाराशी नेऊन बघावा. मी तशी विनंती केली आणि दुकानदाराने ती आनंदाने मान्य केली.

फॉन्टही पडद्याइतकाच महत्त्वाचा. विंडोजमधला जुना मंगल फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवला होता. पुढे विंडोज ८पासून निर्मला आला. तासन्तास वाचायला मला ‘एक टाइप’ या फॉन्ट-संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट बरा वाटतो. तो मोफत मिळतो आणि लहान आकारातही त्याची गाठ मोकळी राहते. नव्या यंत्रावर मी सगळ्यात आधी तो बसवला.

४. कीबोर्डवर एक पूर्ण परिच्छेद टाइप करून बघावा.

मी इनस्क्रिप्ट वापरते. ही मांडणी सरकारी प्रमाण आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. यंत्र कुठल्याही कंपनीचं असो, क आपल्या जागेवरच असतो. तरीही नवा कीबोर्ड बोटांना परका वाटतोच, कारण कळांची खोली, अंतर आणि कडेच्या कळा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या असतात. अंकांची वेगळी पट्टी असलेल्या लॅपटॉपमध्ये टंकलेखनाचा भाग डावीकडे सरकतो. हात डावीकडे, मान मधोमध अशी बैठक होते आणि संध्याकाळी खांदा बोलू लागतो. मी अंकपट्टी नसलेला घेतला. हिशेबाचं काम करणाऱ्याला मात्र ती पट्टी हवीच.

उजव्या हाताकडच्या कळा नीट बघाव्यात. २०२४पासून अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट या एआय-मदतनिसाची कळ आली आणि तिने बहुधा उजव्या कंट्रोलची जागा घेतली. उजवी ऑल्ट कळ आहे ना, हेही पाहावं. इंग्रजी (भारत) कीबोर्डवर ती आणि चार मिळून ₹ उमटतं. बाणांच्या कळा अर्ध्या उंचीच्या असतील तर प्रुफं वाचताना बोट सारखं चुकतं.

विंडोजमध्ये मराठीबरोबर कधी कधी इंग्रजीचे दोन-दोन कीबोर्ड आपोआप बसतात. मग विंडोज कळ आणि स्पेस दाबून भाषा बदलताना प्रत्येक वेळी एक थांबा जास्त लागतो. सेटिंगमध्ये जाऊन एक मराठी आणि एक इंग्रजी एवढेच ठेवावेत. रोमन अक्षरांतून मराठी उमटवण्याची सवय असलेल्यांसाठी २०१९पासून विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, त्यासाठी बाहेरचं काही उतरवून घ्यावं लागत नाही.

सवयीचं म्हणाल तर पहिल्या आठवड्यात मी कुणाचंही काम नव्या यंत्रावर घेतलं नाही. रोज सकाळी छापील पुस्तक शेजारी ठेवून त्यातली पानं टाइप करत होते. नव्या जात्यावर पहिलं दळण जाडंभरडं येतं, तसे पहिले दिवस. ज्या मजकुराची कुणी वाट बघत नाही त्यावर बोटं लवकर सैल होतात, हे अगदी मनापासून सांगते.

५. बिल आणि प्लग.

लॅपटॉपवर अठरा टक्के जीएसटी असतो. सांगितलेली किंमत करासह आहे का, ते आधी विचारावं. बिलावरचा सीरियल नंबर खोक्याशी आणि लॅपटॉपच्या तळाशी जुळवून घ्यावा. अडॅप्टरवर बीआयएसची नोंदणी-खूण असावी.

धातूच्या अंगाचा लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावर मनगटाला झिणझिण्या आल्या तर बऱ्याचदा भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग नसतं. जुन्या घरांत तीन भोकांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते. आमच्याकडे वायरमनला बोलावून ती तार ओढून घेतली आणि झिणझिण्या थांबल्या.

६. पहिल्याच दिवशी कुलपाची किल्ली लिहून ठेवावी.

आजकालच्या विंडोजमध्ये ड्राइव्ह अनेकदा आपोआप कुलूपबंद होते. लॅपटॉप चोरीला गेला तरी मजकूर कुणाच्या हाती लागू नये म्हणून ही सोय आहे आणि ती चांगलीच आहे. पण पुढे बोर्ड बदलला किंवा काही बिघडलं तर यंत्र अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागतं. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते आणि त्या खात्याचा पासवर्डच आठवत नसेल तर सगळं लेखन आत अडकतं. मी ती किल्ली छापून बँकेच्या कागदांबरोबर ठेवली आहे.

त्याच दिवशी वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीचंही ठरवून टाकावं. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचे फोल्डर कधी कधी आपसूक तिकडे जोडले जातात आणि मोफत जागा फक्त पाच जीबी असते. जागा भरली की सूचनांचा मारा सुरू होतो. आपली हस्तलिखितं कुठे राहणार हे आपण ठरवावं. माझी एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर असते आणि ती डिस्क कपाटात असते.

७. जुन्या फायलींना सगळ्यात जास्त वेळ द्यावा.

युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीसारख्या पॅकेजांवर हजारो पुस्तकं घडली. त्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक जागांवर बसवलेली असत. फॉन्ट असेपर्यंत पान सुंदर दिसतं. नव्या लॅपटॉपवर फॉन्ट नसला की तेच पान इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा ढीग होऊन उघडतं. मजकूर गेलेला नसतो, तो फक्त वाचता येत नाही. ज्या ज्येष्ठ लेखकांचं उभं आयुष्य अशा फायलींत आहे, त्यांच्या घरच्यांनी हे समजून घेणं मला फार निकडीचं वाटतं. ‘फाइल खराब झाली’ असं समजून ती पुसली जाऊ नये.

अशा फायली कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणता येतात, पण त्यानंतर शब्द न् शब्द वाचावा लागतो. रफार शेजारच्या अक्षरावर जातो, ऱ्हस्व वेलांटी आधीच्या शब्दाला चिकटते, अवतरणचिन्हांच्या जागी भलतंच अक्षर येतं. मध्येच आलेली इंग्रजी नावं तर ओळखता येत नाहीत, कारण कन्व्हर्टर त्यांनाही मराठी समजून बदलतो. म्हणून मूळ फाइलची पीडीएफ, नाहीतर छापील पान शेजारी हवंच.

युनिकोडमध्येही एक खाच आहे. ‘वऱ्हाड’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात साधा र, हलन्त आणि मागे एक अदृश्य जोडचिन्ह असतं. दुसऱ्यात खाली टिंब असलेला ऱ असतो, तो इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि जे दाबून येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण ‘शोधा’मध्ये एक घातला तर दुसरा सापडत नाही. ‘ॲ’चंही तसंच आहे. तो एकसंध अक्षर म्हणून येतो किंवा अ आणि वरचा चंद्र असा जोडूनही येतो. पुस्तकाची नामसूची करताना यामुळे पानं गळतात. मी आता प्रत्येक नव्या फाइलवर आधी हे पर्याय एकसारखे करून घेते आणि मगच वाचायला बसते.

आणखी एक गोष्ट. आताच्या लॅपटॉपला सीडीची खाच नसते, म्हणून यूएसबीला जोडायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह मी मुद्दाम घेतला. लेखकांच्या घरून अजूनही सीडी येतात आणि त्या वाचता येतील तोवरच वाचून ठेवायला हव्यात.

८. बॅटरी.

घरी बसून काम करणाऱ्याचा लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच असतो. लिथियम-आयन बॅटरी सतत शंभर टक्के भरलेली आणि गरम राहिली की लवकर थकते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते, ती चालू करावी. प्रवासाच्या आदल्या रात्री तेवढी ती बंद करावी.

९. जुनं यंत्र घाईने देऊन टाकू नये.

विनिमयात जुना लॅपटॉप दिला तर थोडी सूट मिळते. ती मी घेतली नाही. पुस्तकांच्या मांडणीचा जुना प्रोग्राम पेजमेकर, त्याची शेवटची आवृत्ती २००१ची. काही जुन्या फॉन्ट-पॅकेजांना यूएसबीचं कुलूप लागतं आणि ते नव्या विंडोजवर चालेलच असं नाही. माझ्याकडच्या जुन्या पुस्तकांची मांडणी फक्त त्या जुन्या यंत्रावरच उघडते. त्याचं वाय-फाय मी बंद केलं आहे, इंटरनेटला ते जोडत नाही. फाइल काढायची, पीडीएफ करायची, पेन ड्राइव्हने इकडे आणायची आणि पेन ड्राइव्ह इथे आधी विषाणूंसाठी तपासायचा. शेवटचं पुस्तक इकडे आलं की त्याची ड्राइव्ह पूर्ण पुसून यंत्र नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर केंद्राला द्यायचं ठरवलं आहे. भंगारवाल्याकडे ते जाऊ द्यायचं नाही, कारण तिथे तार जाळून तांबं काढतात आणि तो धूर तिथल्याच पोरांच्या नाकात जातो. सध्या यादीत एक चरित्र आणि दोन कवितासंग्रह उरले आहेत. कवितांच्या ओळी कन्व्हर्टरमध्ये तुटतात, म्हणून ते शेवटी घेणार आहे.