कोड तपासणाऱ्याची तयारी

चिंचवड-आकुर्डी-निगडी भागातले पालक प्रवेशाच्या दिवसांत हमखास विचारतात: एआय कोड लिहायला लागलं, मग पोराला कॉम्प्युटरला घालून काय उपयोग? प्रश्न रास्त आहे, पण तो कोड लिहिण्यापुरता. दुसऱ्याने केलेला बदल वाचून तो घ्यायचा, परत पाठवायचा की फेटाळायचा, हे ठरवणारा माणूस लागतोच, आणि ती तयारी अभ्यासक्रमात फारशी होत नाही. चाकणच्या एखाद्या व्हेंडरकडे क्वालिटीत काम करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. ड्रॉइंगवरचा एक टॉलरन्स सैल करायचा तरी चेंज नोट निघते, आणि तो पार्ट पुढे कशाकशात बसतो हे पाहिल्याशिवाय सही होत नाही.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, 2022 साली अगदी असाच एक टॉलरन्स सैल झाला. काही डेटाबेस स्वतःची कॅशे स्वतः सांभाळतात; त्यामुळे कर्नलची कॅशे टाळून ते डिस्कशी थेट देवाणघेवाण करतात. याला डायरेक्ट आयओ म्हणतात. त्यासाठी अट अशी होती की मेमरीतला बफर ज्या पत्त्यावर सुरू होतो तो डिस्कच्या लॉजिकल ब्लॉकच्या, म्हणजे बहुधा 512 बाइटच्या, पटीत हवा. 1024 चालणार, 1028 दिला की ‘इनव्हॅलिड अर्ग्युमेंट’. पण एनव्हीएमई डिस्कच्या डीएमएला, म्हणजे मेमरीशी थेट होणाऱ्या ने-आणीला, 4 च्या पटीतला पत्ताही पुरतो. मग बिनकामाची अट कशाला? कीथ बुश यांचा बदल ऑक्टोबरमधल्या 6.0 आवृत्तीत आला: पत्त्याची अट डिव्हाइस मागेल तेवढीच, फाइलमधली जागा आणि एकूण लांबी मात्र पूर्वीसारखीच ब्लॉकच्या पटीत. वाचताना बिनचूक वाटावा असा बदल. तरीही एन्क्रिप्टेड डिस्क वापरणाऱ्या काहींचं वाचन-लेखन अडलं. डिस्क आणि प्रोग्राम यांच्यामध्ये डीएम-क्रिप्ट नावाचा थर असतो, आणि त्याला बफर आपल्या सेक्टरच्या पटीत लागतो. जुनी अट लॉजिकल ब्लॉकला बांधलेली असल्याने त्याची गरज आपसूक भागत होती. अट गेली तशी ती सोयही गेली. डिसेंबरच्या 6.1 मध्ये दुरुस्ती आली आणि प्रत्येक थराची मर्यादा वरच्या थराला कळू लागली. कोणत्या फाइलला कोणती अट लागू आहे हे प्रोग्रामला थेट विचारता येण्याची सोयही त्याच आवृत्तीतली.

इथे नव्या ओळींत चूक शोधत बसलं तर काही सापडत नाही. विचारायचं ते हे: जुनी अट आणखी कुणाच्या कामी येत होती? त्यासाठी सगळे थर डोळ्यासमोर हवेत. हेही एआय करेल, असं कुणी म्हणेल. काही प्रमाणात करेलच, आणि त्याची मदत जरूर घ्यावी. पण कर्नलमध्ये प्रत्येक बदलाखाली कुणीतरी आपलं नाव घालून जबाबदारी घेतो. ही ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची पद्धत 2004 पासून आहे. गाड्यांच्या सॉफ्टवेअरला लागू होणारं आयएसओ 26262 मानकही रिव्ह्यूचा पुरावा मागतं. कोड मशीनने भराभर लिहिला तर तपासायचं काम वाढेलच.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: अशा नोकऱ्या किती? निव्वळ कर्नलच्या थोड्या, फ्रेशरला तर आणखी कमी. म्हणून मुलाने फक्त त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. मात्र व्हेरिटास कंपनीमुळे पुण्यात स्टोरेजचं काम जुनं आहे, लिनक्सवर काम करणारी रेड हॅट इथे आहे, आणि एम्बेडेडकडे जायचं तर सी-डॅकचा पदविका अभ्यासक्रम आहे, प्रवेश सी-कॅट या प्रवेश परीक्षेतून. सी भाषा आणि ऑपरेटिंग सिस्टिम हे दोन विषय पासिंगपुरते करून मात्र भागणार नाही.

सुरुवातीला क्लासची फी लागत नाही. कर्नलचा गिट इतिहास सगळ्यांना खुला आहे. हा 6.0 मधला बदल आणि 6.1 मधली दुरुस्ती मुलाने शेजारी ठेवून वाचावी, मग सी मध्ये छोटा प्रोग्राम लिहून बफरचा पत्ता मुद्दाम 4 बाइटने सरकवावा आणि आपल्या लॅपटॉपवर, वेगवेगळ्या फाइल सिस्टिमवर, कुठे चालतं, कुठे अडतं आणि का, हे दोन पानांत मांडावं. मुलाखतीत दाखवायला सर्टिफिकेटांच्या फाइलपेक्षा ती दोन पानं बरी.