दहाचाकी घेताय म्हणे

अगं, आईकडून कळलं. जुनी दहाचाकी घेताय, आणि तीही तुझ्या नावावर. तुझ्या मालकांना गाडी चालवायला मी काय शिकवणार, एवढी वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या गाड्या बंगळूरपर्यंत नेल्यात. पण आमच्याकडच्या गाड्यांच्या हिशेबाची वही मी सांभाळते, आणि वहीत जे दिसतं ते स्टिअरिंगवर बसून दिसत नाही. म्हणून हे तुला सांगतेय, त्यांना नाही.

गाडी महाग पडते ती उभी राहिल्यावर. भाडं बंद, पण हप्ता चालू, विमा चालू, ड्रायव्हरचा पगार चालू. त्यामुळे कुठलं इंजिन चांगलं असं कुणी विचारलं की मी उलट विचारते: ते बिघडलं तर उघडणार कोण, कुठे, आणि किती दिवसांत गाडी परत रस्त्यावर येणार? कंपनीच्या नावावर बायका भांडत नाहीत हे बरं आहे. आपल्याकडे पुरुष टाटा की लेलँड यावर रात्र जागवतात आणि सकाळी रंग बघून गाडी घेतात.

आता बीएसचं, म्हणजे धुराच्या नियमाचं, समजून घे, कारण तिथेच पैसा आहे. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आलं. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांना साधा डिझेल पंप असतो. टाटाचं ६९७ इंजिन किंवा लेलँडचं जुनं सहा सिलिंडर सांगली-मिरजेपासून कराडपर्यंत कुठल्याही जाणत्या फिटरच्या हाताखालून गेलेलं असतं. संध्याकाळी उघडलं तरी पार्ट दुसऱ्या दिवशी मिळतो. पण ह्या गाड्यांचं वय झालंय. आठ वर्षं उलटली की फिटनेस दरवर्षी, वर पर्यावरण कर. फायनान्सवाले कर्ज कमी देतात आणि व्याज जास्त लावतात. मोठ्या कंपन्या तर जुन्या गाडीत माल भरायलाच कुरकुरतात. उसाला मात्र गाडीचं वय कोण विचारतंय!

बीएस-४ मध्ये लेलँडने बऱ्याच गाड्यांना धूर साफ करायला युरिया न लागणारी आयईजीआर पद्धत दिली. टाटाच्या मोठ्या कमिन्सवाल्या गाड्यांना युरिया लागतो. कमिन्सचा कारखाना आपल्या फलटणला आहे, पण म्हणून आपल्या नाक्यावरचा फिटर ते इंजिन उघडू शकतो असं नाही. त्या ५.९ लिटरच्या इंजिनाला वेगळा लायनर नसतो, पिस्टन थेट ब्लॉकच्या बोअरमध्ये फिरतो. झिजलं की ब्लॉक मशीनवर नेऊन बोअर मोठं करावं लागतं आणि ओव्हरसाइझ पिस्टन घालावा लागतो. हे एकदा झालं, फार तर दोनदा. म्हणून कमिन्सवाली गाडी असेल तर पहिला प्रश्न हाच: बोअर झालंय का, आणि कितीचा पिस्टन आहे? ‘इंजिनकाम नवीन केलंय’ एवढ्यावर मान डोलवू नकोस. बिल माग. नुसत्या रिंगा बदलून त्याला इंजिनकाम म्हणणारे पुष्कळ.

बीएस-६ म्हणजे २०२० नंतरची गाडी. दिसायला देखणी, ताकदीला चांगली, लांब पल्ल्याला उत्तम. पण तुमची गाडी हंगामात कुठे फिरणार? पाणंदीतून बाहेर, दहा-वीस किलोमीटरवर साखर कारखाना, मग काट्याच्या रांगेत इंच-इंच. बीएस-६ च्या सायलेन्सरात काजळी धरणारा फिल्टर असतो, तो आपोआप साफ व्हायला इंजिन बराच वेळ चांगलं तापून पळावं लागतं. रांगेत ते होत नाही. फिल्टर चोंदतो, मीटरवर दिवा लागतो, दुर्लक्ष केलं की गाडी स्वतःच ताकद कमी करते. ऐन गळिताच्या हंगामात हे झालं की लॅपटॉपवाला माणूस येईपर्यंत ऊसतोडीची टोळी बांधावर बसून. मालक बारा महिने पुणे-बंगळूर करणार असतील तर बीएस-६ घ्या, मी आडवी येणार नाही. ऊस, हळद आणि अधूनमधून चिपळूणची खेप असाच धंदा असेल, तर माझं मत बिनयुरियाच्या बीएस-४ ला, तेही एकाच मालकाच्या हातातल्या गाडीला.

गाडी बघायला सकाळी लवकर जा, ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी, न सांगता. इंजिनाला हात लावून बघ. गरम असेल तर त्यांनी आधीच चालू करून ठेवलंय, आणि का ठेवलंय ते विचार. गार इंजिन सुरू होताना थोडा पांढरा धूर चालतो, तो राहिला तर नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढायला लाव, भकाभका वाफ आली की कॉम्प्रेशन खाली उतरतंय. इंजिन गारच असताना रेडिएटरमध्ये डोकाव, पाण्यावर तेलाचा तवंग नको. डिपस्टिकवरचं ऑइल गुळासारखं घट्ट लागलं तर सावध हो, आवाज आणि धूर दाबायला जाड ऑइल भरतात. बीएस-४, बीएस-६ असेल तर अधिकृत वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून घ्या आणि चासी नंबरवरून जुन्या दुरुस्त्यांची यादी काढा. मीटर मागे फिरवलेला असला तर तिथे उघडा पडतो.

आणि रिकामी गाडी कुणाचीही पळते. माल भरून पुण्याकडून येताना खंबाटकी चढवा. तापमानाचा काटा कुठे जातो, काळा धूर किती, गिअर खाली टाकल्यावर खोकते का, हे त्या एका घाटात कळतं. येताना पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ चासीला वेल्डिंग मारलेलं आहे का तेही वाकून बघा. जास्त माल ओढलेली गाडी तिथे फुटते.

पैशाचं ऐक. पाटल्या गहाण ठेवून सगळी रक्कम गाडीत घालू नकोस. किमतीचा पाचवा भाग तुझ्या खात्यात राहू दे, मालकांनाही न सांगता. दहा टायर बदलायचे म्हटलं तरी दोन लाखांच्या घरात जातात, इंजिन तर पुढची गोष्ट. म्हणून भाव करताना टायर आधी मोज.

नाव तुझं लागणार म्हणून एक जास्तीचं. अपघाताच्या भरपाईत आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. नोटीस तुलाच येणार. तेव्हा विम्याची तारीख आणि ड्रायव्हरचं लायसन्स तू स्वतः बघत जा. आरसीवरचा इंजिन नंबर ब्लॉकवर मिळवून घे. जुन्या फायनान्सचा बोजा फॉर्म ३५ आणि बँकेच्या एनओसीने उतरल्याशिवाय आणि थकलेले ई-चलन भरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस, मग गाडी एमएच-१० ची असो, ११ ची नाहीतर ५० ची.

येत्या रविवारी जाणार असाल तर आमचा फिटर पाठवते. त्याची हजेरी आणि जेवण तू दे. विकणाऱ्याने चहा पाजला तर पिऊ दे, पण पैसे त्याच्याकडून घेऊ देऊ नकोस.