गावाबाहेरचा कचरा आणि घरातला खोकला

गेल्या हिवाळ्यात ढोकीतल्या माझ्या दवाखान्यात शेजारच्या एका खेड्यातली आजी नातवाला घेऊन आली. पोरगा चार वर्षांचा. महिन्यातली ही तिसरी खेप. छाती घरघरत होती, रात्री झोप नव्हती. आजी म्हणाली, "डॉक्टर, औषध संपलं की पुन्हा सुरू. काय करावं?"

मी नेहमीचे प्रश्न विचारले. घरात चूल आहे का? नाही, गॅस आहे. कोणी विडी ओढतं का? नाही. मग ती सहज म्हणाली, "धूर तेवढा येतो संध्याकाळी. ओढ्याच्या अंगाला गावचा कचरा टाकतात, तो पेटलेलाच असतो."

दम्याचा पंप मी लिहून दिला, तो घेण्याची रीतही दाखवली. पण निम्मे औषध त्या ओढ्याकाठी होते. रविवारी मी तिथे गेलो. जे पाहिले त्यावरून या आठवड्याचा विषय ठरला : कचरा टाकायची जागा कशी असावी, तिथे काय करावे, काय करू नये आणि त्याचा आपल्या तब्येतीशी काय संबंध.

उकिरडा आणि कचरा डेपो एक नव्हेत

आपल्याकडे पूर्वी घरटी उकिरडा होता. त्यात शेण, गोठ्यातला गदाळा, चुलीची राख, भाजीचे देठ पडे. मृगाच्या आधी तो गाडीत भरून शेतात जाई. म्हणजे उकिरडा ही फेकून देण्याची जागा नव्हती, ती साठवण होती. आज त्याच ढिगात कॅरीबॅग, गुटख्याच्या पुड्या, बाळाचे डायपर, गोळ्यांची पाकिटे, बॅटरीचे सेल, फुटलेले बल्ब आणि इंजेक्शनच्या सुया पडतात. हा ढीग शेतात नेता येत नाही आणि कुजूनही संपत नाही. म्हणून लोक काडी लावतात.

प्लॅस्टिक जळते तेव्हा धुराबरोबर अतिसूक्ष्म कण छातीत खोल जातात. वायरींवरचे आणि पाइपांचे पीव्हीसी जळाले की त्यातून आम्लाची वाफ आणि डायॉक्सिन नावाची विषारी द्रव्ये निघतात. लहान मुले, गरोदर बाया, दमेकरी आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना त्याचा त्रास आधी होतो. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली. साध्या जाळण्याला 5 हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला 25 हजार रुपये भरपाई आकारावी, असा तो आदेश होता.

मोठ्या शहरात हेच मोठ्या मापाने घडते. मुंबईचे देवनार हे 1927 पासूनचे डम्पिंग ग्राउंड. जानेवारी 2016 च्या अखेरीस तिथे आग लागली, अनेक दिवस धुमसत राहिली, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत वर्षानुवर्षे पडला. तिथल्या विहिरींचे पाणी पिण्याजोगे राहिले नाही आणि गावकऱ्यांना पाण्यासाठी व वास थांबवण्यासाठी आंदोलने करावी लागली.

नियम कुठून आले?

कचऱ्याची नीट व्यवस्था लागावी म्हणून बंगळुरूच्या अल्मित्रा पटेल यांनी 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यानंतर 2000 साली देशातल्या शहरांसाठी पहिले नियम झाले आणि 2016 मध्ये त्यांची जागा नव्या, विस्तृत नियमांनी घेतली. पुढेही सुधारणा होत राहतात. पण 2016 च्या नियमांत कचराभूमीबद्दल जी मापे दिली त्यांमागची कारणे कायमची आहेत. ती एकदा समजली की नियम पाठ करावे लागत नाहीत.

पहिली गोष्ट जागेची. कचराभूमी नदीपासून किमान 100 मीटर दूर असावी. तळे, वस्ती, महामार्ग, सार्वजनिक बाग आणि पाणीपुरवठ्याची विहीर यांपासून किमान 200 मीटर दूर असावी. मोठ्या माणसाची साधारण 135 पावले म्हणजे 100 मीटर, 270 पावले म्हणजे 200 मीटर. टेप नसला तरी पाय आहेत.

दुसरी गोष्ट तळाची. शहराच्या कचराभूमीला खाली 90 सेंटिमीटर जाडीचा घट्ट चिकणमातीचा थर आणि त्यावर दीड मिलिमीटर जाडीचे मजबूत प्लॅस्टिकचे अस्तर हवे. भूजलाची सर्वांत वरची पातळीही त्या मातीच्या तळापासून किमान 2 मीटर खाली हवी. कारण असे की कचऱ्यात पाऊस मुरला की त्यातून काळसर, उग्र वासाचे पाणी झिरपते. त्यात जंतू, अमोनिया, क्षार आणि सेल-बॅटरीतले जड धातू असतात. ते खाली गेले की विहिरीत किंवा बोअरमध्ये येते.

इथे आपल्या भागातला एक गैरसमज सांगतो. पुष्कळांना वाटते, काळी जमीन चिकट, ती पाणी अडवते. पावसाळ्यात काही अंशी खरे आहे. पण वैशाखात त्याच काळीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खाली मुरूम आणि त्याखाली फटी पडलेला खडक. पहिला मोठा पाऊस झाला की घाण पाणी त्या वाटेने सरळ खाली जाते.

तिसरी गोष्ट झाकण्याची. टाकलेला कचरा लगेच किंवा दिवसाचे काम संपताना किमान 10 सेंटिमीटर मातीने झाकावा. पावसाळ्याआधी 40 ते 65 सेंटिमीटर मातीचा दाबलेला थर द्यावा. झाकलेल्या कचऱ्यावर माशा बसत नाहीत, उंदरांना खायला मिळत नाही, कुत्री जमत नाहीत. उंदरांचे महत्त्व मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. 1993 च्या भूकंपानंतर लोकांनी सोडलेल्या घरांत धान्य राहिले, उंदीर वाढले आणि 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेग दिसला, असे तेव्हा सांगितले गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सुरतमध्ये प्लेगची साथ आली आणि त्यानंतर ते शहर स्वच्छतेच्या कामाला लागले.

चौथी गोष्ट वायूची. गोबर गॅस कसा होतो हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. ओला कचरा हवेशिवाय कुजला की तोच मिथेन ढिगातही होतो. हवेत त्याचे प्रमाण 5 ते 15 टक्के असताना ठिणगी पडली तर स्फोट होतो. म्हणून मोठ्या कचराभूमीत वायू बाहेर काढण्याची सोय लागते, आग विझवण्याची तयारी लागते आणि विडी-काडीला बंदी लागते. जुन्या कचऱ्यावर भर टाकून घर किंवा अंगणवाडी बांधू नये, आणि अशा जागच्या खड्ड्यात माणूस उतरवू नये. वायू दिसत नाही. माणूस मात्र गुदमरतो.

पाचवी गोष्ट उताराची. ढीग उंच आणि उभा झाला की घसरतो. सप्टेंबर 2017 मध्ये दिल्लीतल्या गाझीपूरचा ढीग कोसळून माणसे दगावली. त्याच वर्षी मार्चमध्ये इथिओपियातील अदिस अबाबा शहरात ढीग घसरून शंभराहून अधिक लोक गाडले गेले. ही माणसे ढिगाच्या पायथ्याशी राहत होती.

याशिवाय कुंपण, फाटक, दिवे, कामगारांसाठी पिण्याचे पाणी व संडास, त्यांची वेळोवेळी आरोग्यतपासणी आणि जागा बंद केल्यावर किमान 15 वर्षे देखरेख, हेही 2016 च्या नियमांनी सांगितले.

"हे नियम आपल्याला कुठे लागू?"

आजीच्या गावात ग्रामसभेपुढे एक प्रस्ताव होता. ओढ्याकाठचा ढीग हलवून जुन्या दगडाच्या खाणीत कचरा टाकायचा. मला बोलावणे आले. मी आदल्या दिवशी दोन तरुणांना घेऊन पावले मोजली होती. खाणीपासून ओढा 60 पावले. गावच्या पाणीपुरवठ्याची विहीर उताराच्या बाजूला, सुमारे दीडशे पावलांवर.

सभेत एक जाणते गृहस्थ म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हे नियम नगरपालिकेला. आपण खेडे. खाण रिकामी पडली आहे, भरून निघेल, वर जागा तयार होईल."

त्यांचे पहिले म्हणणे कागदोपत्री चूक नव्हते. 2016 चे नियम मुख्यतः शहरांसाठी आणि शहरासारख्या झालेल्या गावांसाठी होते. पण मी एवढेच विचारले, "पावसाळ्यात त्या खाणीत पाणी किती दिवस राहते?" मागून एक म्हातारे म्हणाले, "दिवाळीपातूर." म्हणजे खाणीचा तळ आणि जमिनीतले पाणी यांत अंतरच नाही. वरची माती आधीच काढलेली, खडकाच्या फटी उघड्या. तिथे टाकलेला कचरा हा विहिरीत टाकलेल्या कचऱ्यासारखाच.

"विहिरीत टी.सी.एल. टाकू, पाणी उकळून पिऊ," असे एकजण म्हणाला. हे नीट लक्षात घ्या. टी.सी.एल. पावडरने जंतू मरतात. उकळल्यानेही मरतात. पण कचऱ्यातल्या अमोनियापासून जमिनीत नायट्रेट तयार होते, ते यापैकी कशानेही जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असलेले पाणी पिण्यास योग्य मानत नाहीत. वरच्या दुधावर असलेल्या तान्ह्या बाळाला अशा पाण्यात दूध कालवून दिले तर रक्ताची प्राणवायू नेण्याची शक्ती घटते, ओठ-नखे निळी पडतात. जड धातूंचेही तसेच. उकळून ते जात नाहीत.

सभेत बराच आवाज झाला. शेवटी खाणीचा ठराव बाजूला ठेवला गेला. गायरानातली उंचावरची, ओढा-विहीर-वस्तीपासून लांब असलेली जागा पाहायचे ठरले, आणि त्याआधी कचराच कमी करायचे ठरले.

गावाने काय करावे?

खेड्याला शहरासारखी कचराभूमी परवडणार नाही. ती लागू नये, हेच शहाणपण. 2016 च्या नियमांचाही गाभा तोच : कुजणारे, विकले जाणारे आणि पुन्हा वापरता येणारे काढून घ्या, उरेल तेवढेच पुरा.

ओला कचरा घरच्या उकिरड्यात किंवा नाडेप टाक्यात घाला. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण पांढरीपांडे यांनी ही टाकी लोकांपुढे आणली. त्यांच्याच नावावरून तिला नाडेप म्हणतात. जाळीदार विटांची, साधारण 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच टाकी. तीन-चार महिन्यांत खत तयार.

प्लॅस्टिक, काच, पत्रा कोरडे ठेवून भंगारवाल्याला द्या. करवंट्या, टायर, फुटके माठ उघड्यावर ठेवू नका. त्यात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून वेगळे द्या. शिळे अन्न कॅरीबॅगमध्ये बांधून फेकू नका. जनावर पिशवीसकट गिळते.

घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनी सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणबंद बरणीत साठवाव्यात आणि दवाखान्यात आणून द्याव्यात. दवाखान्यांचा कचरा गावच्या ढिगात कधीच जाता कामा नये, आमचाही नाही. त्यासाठी 1998 पासून वेगळे नियम आहेत.

कचरा उचलणाऱ्या माणसाला गमबूट, जाड हातमोजे आणि मास्क द्या. त्याला धनुर्वाताची लस आणि काविळीच्या बी प्रकारावरची तीन इंजेक्शने मिळाली आहेत का, हे विचारा. सुई टोचलीच तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी, पिळू नये, चोखू नये आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठावे. एचआयव्हीपासून बचावाची औषधे जितकी लवकर तितकी चांगली. 72 तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. ढिगावरचे कुत्रे चावले तर जखम साबण-पाण्याने 15 मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा.

ढीग पेटलाच तर वाऱ्याच्या उलट बाजूला उभे राहा, मुलांना दूर न्या. धुमसता भाग मातीने नीट झाकून हवा तोडा. नुसते वरून पाणी मारले तर आतली आग राहते. पेटत्या ढिगावर चढू नका. आत पोकळी असते. आग मोठी असेल तर अग्निशमन दलाला बोलवा.

त्या पोराचा दमा गेला असे मी सांगणार नाही. पंप त्याला अजून लागतो. पण मागच्या खेपेला आजी तीन महिन्यांनी आली आणि पोरगा चालत आत आला. ओढ्याकाठचा ढीग आता पेटत नाही. नवी जागा मात्र अजून कागदावरच आहे आणि पावसाळा काही थांबणार नाही.

येत्या रविवारी तुम्हीही एक करा. आपल्या गावचा कचरा जिथे पडतो तिथून पाण्याच्या विहिरीपर्यंत चालत जा आणि पावले मोजा. 270 भरली नाहीत, तर तो आकडा पुढच्या ग्रामसभेत उभे राहून सांगा.