समुद्रातील शेती

शेती म्हटली की नांगर, बैल आणि पावसाची वाट पाहणारा शेतकरी आमच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु जिला नांगर नको, खत नको, गोडे पाणीही नको, अशीही एक शेती आहे. ती समुद्रात होते व तिचे पीक म्हणजे समुद्रशेवाळ. गोमंतकात हणजुणेच्या खडकांवर ओहोटीच्या वेळी आपण शेवाळ पाहतोच; परंतु त्याची लागवड कशी होते हे जाणून घेण्यासाठी तामिळनाडूतील रामनाथपुरम जिल्ह्याकडे वळले पाहिजे.

तेथील मच्छीमार स्त्रिया बोटांना चिंध्या गुंडाळून मन्नारच्या आखातात बुड्या मारतात आणि खडकांवरील शेवाळ खुडून आणतात. त्यावर त्यांची चूल पेटते. पण या आखातातील २१ बेटांभोवती प्रवाळांची वस्ती आहे. तिच्या रक्षणासाठी १९८६ साली तेथे सागरी राष्ट्रीय उद्यान झाले आणि या स्त्रियांच्या पोटापाण्याचा प्रश्न उभा राहिला.

लागवडीने त्याचे काही अंशी उत्तर दिले. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने ‘कॅपाफायकस’ या परदेशी शेवाळाच्या लागवडीचे तंत्र बसविले. बांबूंचा चौकोनी तराफा करून त्यावर दोऱ्या ताणतात व दोऱ्यांना बेण्याचे तुकडे बांधतात. खाली जाळे लावतात, म्हणजे मासे पीक खात नाहीत. सुमारे ६० किलो बेण्यापासून ४५ दिवसांत त्याच्या चौपट पीक येते. त्यातील काही बेण्यासाठी राखून उरलेले उन्हात वाळवितात. त्यापासून निघणारे कॅराजिनन आइस्क्रीम व टूथपेस्ट दाट करण्यास उपयोगी पडते.

मात्र समुद्राने आपला नियम सोडला नाही. हे परके शेवाळ कुरुसडै बेटाजवळील जिवंत प्रवाळांवर पसरत असल्याचे २००८ साली शास्त्रज्ञांनी नोंदविले. पुढे २०१३-१४ च्या सुमारास पाणी तापून पीक मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले. सर्वांनी एकाच वाणावर विसंबून राहण्याचे हे फळ होय. म्हणून प्रवाळांपासून दूर लागवड करणे आणि देशी जातींचाही अभ्यास करणे अगत्याचे आहे.

यंत्राहून आणि वाणाहून मोठी गोष्ट म्हणजे संयम. तो त्या बुड्या मारणाऱ्या स्त्रियांनी आपणहून दाखविला. महिन्यातून बाराच दिवस शेवाळ काढावयाचे, असा नेम त्यांनी घालून घेतला. त्यांच्यातीलच लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ साली सीकॉलॉजी पुरस्कार मिळाला, तो याच कार्याबद्दल.

विद्यार्थी मित्रहो, आमच्या किनाऱ्यावरही ऐन पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात, कारण तो माशांच्या विणीचा काळ असतो. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून मगच समुद्राकडे मागणे मागावयाचे, ही आमच्या वडीलधाऱ्यांची शिकवण. रामनाथपुरमच्या त्या स्त्रियांनी तीच निराळ्या रीतीने आचरणात आणली. समुद्राला विसावा देणारा हातच त्याच्याकडून पुन्हा पुन्हा घेऊ शकतो, हे आम्ही विसरता कामा नये.