कढीपत्त्याचा वास जातो कुठे?
मैत्रिणींनो, रानातला कढीपत्ता चुरगळला की घमघमाट सुटतो. पानातल्या बारीक पिशव्यांत तेल असतं. त्यातले पाइनीन, कॅरिओफायलीन असे घटक हवेत उडतात, तोच वास. प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफ हे यंत्र तेलाची वाफ करून कोणता घटक किती, ते आलेखावर दाखवतं. पण वास आधीच उडून गेला, तर गिऱ्हाईक भाव कशाचा देणार? म्हणून गटाने पानं कडक उन्हात वाळवू नयेत. सावलीत, वारं खेळेल अशी पातळ पसरावीत. कुरकुरीत झाली की अख्खीच हवाबंद डब्यात भरावीत. कुटताना पिशव्या फुटतात, म्हणून पूड मागणी आल्यावरच करावी.