जंतूंची ओळख : भिंग आणि रंग

कला शाखेच्या विद्यार्थ्याने जंतुशास्त्रावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी जे घडले त्यामुळे हा विषय समजून घेणे मला भाग पडले. वडिलांना खोकला सुरू झाला. एका खाजगी डॉक्टरांनी दोन महिने औषधाच्या बाटल्या दिल्या, पण बेडका एकदाही तपासला नाही. संध्याकाळचा ताप येऊ लागला, वजन उतरले, तेव्हा आम्ही त्यांना तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेले. तेथील प्रयोगशाळेत जे पाहिले व नंतर ग्रंथालयात बसून जे वाचले, ते येथे थोडक्यात मांडतो.

जंतूचा आकार सामान्यतः एक ते पाच मायक्रोमीटर असतो. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी लेव्हेनहूक याने स्वतः घासलेल्या भिंगांतून हे जीव पाहिले आणि १६७६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळविले. पण पाहणे वेगळे आणि ओळखणे वेगळे. पद्धतशीर वर्गीकरणासाठी जवळजवळ दोनशे वर्षे जावी लागली. १८७२ मध्ये फर्डिनंड कोन या वनस्पतिशास्त्रज्ञाने जंतूंची आकारावरून विभागणी केली. वाटोळे ते गोलाणू, काडीसारखे ते दंडाणू, आणि मळसूत्री वळणाचे ते सर्पिल. पटकीचा जंतू तर स्वल्पविरामासारखा दिसतो. भाषेच्या विद्यार्थ्याला यातील नावेही मौजेची वाटतील. 'स्टॅफिलोकॉकस' या नावात द्राक्षाच्या घोसाचा ग्रीक शब्द आहे, कारण हे गोलाणू घोसाने राहतात.

परंतु आकार पुरेसा नाही. एक तर जंतू पाण्यासारखे पारदर्शक असतात. दुसरे असे की, अगदी निराळ्या स्वभावाचे दोन जंतू दिसायला सारखेच असू शकतात. येथे रंग मदतीला येतो.

१८८४ साली हान्स क्रिश्चन ग्रॅम हा डॅनिश डॉक्टर बर्लिनमध्ये न्यूमोनियाने मेलेल्या रोग्यांच्या फुप्फुसांचा अभ्यास करीत होता. तेथे त्याला जी रीत सापडली ती आजही जगभर वापरली जाते. काचपट्टीवर नमुना पसरून वाळवतात व ज्योतीवरून फिरवून पक्का करतात. मग जांभळा रंग, त्यावर आयोडीन, नंतर अल्कोहोलने धुणे. कापड रंगवणारे रंगारी रंग पक्का व्हावा म्हणून तुरटी वापरतात, तसे येथे आयोडीनचे काम आहे. काही जंतू धुतल्यावरही जांभळेच राहतात, ते ग्रॅम-धन. ज्यांचा रंग जातो ते ग्रॅम-ऋण. त्यांना शेवटी सॅफ्रानिन देऊन गुलाबी करतात. यामागचे कारण पेशीभित्तिकेत आहे. पहिल्यांची भित्तिका जाड असते व रंग आत कोंडून धरते. दुसऱ्यांची पातळ असून तिच्यावर मेदयुक्त आवरण असते. अल्कोहोलने ते विरते आणि रंग निसटतो. हा भेद केवळ दिसण्यापुरता नाही. कोणते औषध लागू पडेल याचा पहिला अंदाज डॉक्टरांना यावरूनच येतो.

क्षयाचा जंतू मात्र ग्रॅमच्या रीतीला नीट दाद देत नाही. रॉबर्ट कॉख याने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये तो जाहीर केला, तेव्हाही त्याला रंगवणे हीच मोठी अडचण होती. त्याच्या भित्तिकेत मेणासारखा पदार्थ असतो. एर्लिक, झील व नील्सन यांच्या प्रयत्नांतून पुढील रीत तयार झाली : कार्बोल फुक्सिन हा लाल रंग काचपट्टीवर ओतून वाफ येईपर्यंत तापवायचा, पण उकळू द्यायचा नाही. मग गंधकाम्लाने धुवायचे. इतर बहुतेक जंतू रंग सोडतात, क्षयाचा जंतू सोडत नाही. शेवटी निळा रंग दिला की निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात.

त्या दिवशी तंत्रज्ञांनी काचपट्टीवर तेलाचा थेंब टाकला, हजारपट मोठे दाखवणारे भिंग लावले आणि मला म्हणाले, "बघ बाळा." निळ्या रंगात चार-पाच बारीक लाल काड्या होत्या. अहवालात त्यांनी 'दोन अधिक' लिहिले. दर दृश्यक्षेत्रात एक ते दहा जंतू असले म्हणजे असे लिहितात. एकही न सापडल्यास शंभर क्षेत्रे पाहिल्याखेरीज 'नाही' म्हणायचे नाही, असा दंडक आहे.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. बेडक्याच्या एका मिलिलिटरमध्ये जंतू पाच ते दहा हजारांच्या घरात असल्याशिवाय ते सहसा दिसत नाहीत. जंतू जिवंत की मेलेला, औषधाला दाद देणारा की न देणारा, हे रंग सांगत नाही. म्हणून वडिलांचा नमुना जनुकीय तपासणीच्या यंत्रावरही गेला. वर्गीकरणाचेही तसेच आहे. १९७७ मध्ये कार्ल वूज व जॉर्ज फॉक्स यांनी रेणूंच्या तुलनेवरून दाखवून दिले, की जंतू म्हणून गणलेले काही जीव मुळात वेगळ्याच कुळातले आहेत. रूप म्हणजे कूळ नव्हे.

सहा महिने नियमित औषध घेऊन वडील बरे झाले. ते दोन महिने वाया गेले नसते तर, हा विचार मात्र मनातून जात नाही. वाचकमित्रांना एवढीच विनंती : घरात कुणाचा खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर बाटली बदलू नका, बेडका तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते.