विषय बहिणाबाई, पण प्रश्न कोणता?

असोदा

चि. सोनूस,


तू कळवलेलं पीएच.डी.च्या प्रबंधाचं शीर्षक वाचलं: ‘बहिणाबाई चौधरी यांचे जीवन व काव्य : एक चिकित्सक अभ्यास’. भारदस्त आहे, पण त्यात प्रश्न एकही नाही. विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव, त्यांचा जन्म (1880) आपल्या गावचा, म्हणून विषय सोपा वाटला असावा. शोधगंगेवर आधीचे प्रबंध चाळ, म्हणजे हा रस्ता किती मळलेला आहे ते दिसेल.

विषय लहान करायचा म्हणून ‘निवडक कविता’ एवढंच जोडू नकोस. त्यानं पानं कमी होतील, धूसरपणा तसाच राहील. त्यापेक्षा ‘पेरनी’, ‘कापनी’, ‘रगडनी’, ‘उपननी’ या चारच कविता घे आणि विचार: यांतलं कोणतं काम बाईचं, कोणतं गड्याचं, आणि कवितेत ते कोणाच्या नजरेतून दिसतं? ‘उपननी’तलं वाऱ्याला बोलावणं खळ्यावर सूप धरून ताटकळलेल्या माणसालाच कळतं. मळणीयंत्र येण्याआधी हातानं उपणणी केलेल्या म्हाताऱ्या गावात अजून आहेत. कविता आणि त्यांची साक्ष शेजारी ठेव. कुठे जुळत नाही, तिथे तुझं काम सुरू होतं.

एक अडचण आत्ताच सांगतो. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. ओव्या त्यांचा मुलगा सोपानदेव आणि भाचा यांनी टिपल्या. बहिणाबाई 3 डिसेंबर 1951 ला गेल्या, पुस्तक 1952 मध्ये आलं. छापलेला शब्द त्यांनी स्वतः कधी तपासलाच नाही. सोपानदेव स्वतः कवी, म्हणजे टिपताना शब्दांवर त्यांचा हात फिरला असणं शक्य आहे. तेव्हा आवृत्त्या ताडून बघ, एकीवरच विसंबू नकोस. (हाही स्वतंत्र विषय होईल, पण दोन्ही एकदम उचलू नकोस. पीएच.डी.ची किमान तीन वर्षं बघता बघता सरतात.)

गाईडना दाखवण्याआधी तुझा प्रश्न एका वाक्यात लिहून आजीला वाचून दाखव. ती नुसतं ‘छान’ म्हणाली तर पुन्हा लिही. ‘असं नव्हतं गं’ म्हणाली, तर तोच धरून ठेव.

दिवाळीनंतर ये, भरिताची वांगीही निघालेली असतील. म्हाताऱ्या दुपारची भांडी आटोपल्याशिवाय बोलत नाहीत. रेकॉर्डर आण, पण विचारल्याशिवाय सुरू करू नकोस.

तुझा,
मामा